मोटारीवरील पाण्याचे डाग

मोटारीच्या रंगावर सिरॅमिकचा लेप दिला, कीं डागांची चिंता सरली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. लेपावर पाणी कमलपत्राप्रमाणें थेंबाथेंबांनीं उभें राहतें आणि उन्हांत आटतांना आपल्यांतील चुन्याचें कडें मागें ठेवतें. आमच्या तामलवाडीसारख्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत विंधनविहिरीचें पाणी बहुधा जड. तेथें हें विशेष घडतें.

असा डाग काथ्यानें घांसूं नये; लेपावर ओरखडे उठतात. गाडी सावलींत निवल्यावर धुवावी. पांढरा व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन, आधीं एका कोपऱ्यांत पारखून, फडक्यानें डागावर मिनिटभर लावावें. लागलीच भरपूर पाण्यानें धुवून कोरडें पुसावें. चुना आम्लांत विरघळतो, बळाला दाद देत नाहीं. एवढ्यानेंहि न जाणारा डाग लेपांत उतरलेला समजून जाणत्या कारागिरास दाखवावा. मुलांस गाडी धुण्यास सांगतांना पुसण्याचेंहि अवश्य सांगावें. पुसलेल्या गाडीवर डाग पडतच नाहीं.