फी वसूल, पण कोणत्या हिशेबाने?



'वर्षाचा लॅब कोर्स, सहा महिन्यांत फी वसूल' हे मागील अंकातले पत्र वाचले. हिशेब अर्धाच आहे. माझ्या पुतणीने इथे तंजावरात ४० हजार भरून असेच प्रमाणपत्र घेतले. पगार ९ हजार. कुंभकोणमहून रोजची बस आणि डबा वजा करा, मग बोला. शिकण्यात बुडालेली वर्षाची कमाई तर पत्रलेखकांनी धरलीच नाही. काम तिला उत्तम येते: जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतले की ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करते, गुठळी होऊ देत नाही.

खरी मेख कायद्यात आहे. २०२१च्या केंद्रीय कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाला (लॅब तंत्रज्ञही त्यातच) किमान दोन वर्षांत मिळून निदान २००० तासांचे शिक्षण हवे. वर्षाचे प्रमाणपत्र त्यात बसत नाही. म्हणून सरकारी महाविद्यालयात पदविकेला जागा मिळण्याची आशा असेल, तर वर्षभर थांबलेले परवडेल.

कागद जपण्याचे म्हणाल, तर आमच्या गावात सरफोजीराजांच्या काळची नेत्ररुग्णांची टिपणे आजही जपलेली आहेत. पुतणीला मात्र फीची पावती मिळायला चार खेपा पडल्या.

— एक वाचक, तंजावर