तीन धनुष्यं आणि एक डिग्री

परवा तिसरं धनुष्यही गेलं.

पहिली दोन निदान आवाज करून गेली होती. तिसऱ्यानं तेवढंही केलं नाही. तीस पौंडाचं करायला घेतलेलं, तासता तासता चौदा पौंडावर आलं. आता त्याच्यावर फार तर टॉवेल वाळत घालता येईल.

गेले तीन महिने मी शुक्रवारी रात्री पुण्याहून सोलापूरला घरी येतो आणि शनिवार-रविवार गच्चीवर बांबू तासत बसतो. ऑफिसातल्या लोकांना वाटतं स्ट्रेसबस्टर. घरच्यांना वाटतं लग्नाचं बघायला हवं. आणि मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत एक काका मोठ्यानं म्हणाले, "एवढा इंजिनियर झालास आणि बुरुडकाम करतोस होय रे?" सगळे हसले. मीही हसलो. आपण हसलो याचाच राग नंतर आला, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडं बुरुडकाम समजून घेऊ.

तीर मारताना धनुष्याची जी बाजू समोर असते ती पाठ, आणि आपल्याकडे असतं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दबतं. बांबूचे मजबूत धागे सालीलगत दाटीनं असतात, आत जावं तसे विरळ होत जातात. म्हणून साल पाठीकडे ठेवायची आणि तिला बोटही लावायचं नाही. तासायचं ते फक्त पोटाकडून. थोडं तासा, वीसपंचवीस वेळा हलकेच ओढा, लांब उभं राहून दोन्ही पाती सारखी वाकतात का बघा. जिथं ताठ आहे तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि तिथंच तासा. जिथं आधीच जास्त वाकतंय तिथं हात लावायचा नाही. पुन्हा ओढा. यालाच टिलरिंग म्हणतात, आणि एका धनुष्यात हा फेरा पन्नास-साठ वेळा सहज होतो. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं शव सापडलं, त्याच्याजवळही सहा फुटी, पण अर्धवट तासलेलं धनुष्य होतं. म्हणजे बिचाऱ्याचं टिलरिंग राहूनच गेलं. मला त्याच्याबद्दल फार जवळीक वाटते.

आता गंमत बघा. मी मेकॅनिकलचा. कॅम्पसमधून आयटीत आलो ते सोडा, पण बेंडिंग मोमेंटची आकृती अजून झोपेतही काढू शकतो. चौकोनी छेदाच्या पट्टीचा ताठपणा रुंदीच्या पटीत आणि जाडीच्या घनाच्या पटीत बदलतो, हे मला तोंडपाठ आहे. म्हणजे जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. पेपरात याला पूर्ण मार्क मिळाले होते. गच्चीवर मात्र कानशीचे चार हात जास्त मारले, की 'आता फक्त डावं पातं थोडं', 'आता उजवं थोडं' असं करत तीसचे चौदा पौंड होतात. सूत्र डोक्यात होतं, पण हाताला त्याची खबर नव्हती.

का नव्हती? कारण पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय होता आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून ढापला होता. फिटिंगचा जॉब, सुतारकामाचा जॉब. कॉलेजचं नाव नको, तुमच्याही कॉलेजात हेच झालं असणार. वर्कशॉपच्या मामांना शंभर रुपये दिले की जॉब तयार. गेल्या वर्षीच्या जर्नलवरून यंदाचं जर्नल. तपासणारे सर लांबूनच सही करायचे, हाताला तेल लागू नये म्हणून. चार वर्षांत एकदाही कुणी माझ्या हातात काठी देऊन म्हटलं नाही, की ही वाकव, आणि मोडली तर का मोडली ते सांग.

ते मला सांगितलं एका बुरूड मामांनी. रस्त्याच्या कडेला टोपल्या, सुपं, शिड्या विकतात. मानवेल बांबू, तोच जवळजवळ भरीव असतो तो, मी त्यांच्याकडूनच घेतो. पहिलं धनुष्य मोडलं तेव्हा तुकडे घेऊन गेलो. मामांनी आयुष्यात धनुष्य केलेलं नाही. त्यांनी मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "साहेब, पाठ कशाला सोलली ओ?" खरंच सोलली होती. पेरं उंच दिसत होती म्हणून मी ती कानशीनं घासून सपाट केली होती, छान दिसावं म्हणून. धागे तिथंच कापले गेले आणि धनुष्य तिथंच तुटलं. दुसरं धनुष्य बिजागरीसारखं एकाच जागी दुमडलं. मामांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, "हितं पातळ हाय." नंतर मी कॅलिपर लावला. एक मिलिमीटरचा फरक होता.

मी त्यांना मामा म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे.

कोणी म्हणेल, बांबूच्या धनुष्याचे उमाळे काढून काय उपयोग? बरोबर आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेती झाली ती कंपाउंड धनुष्यावर, गच्चीवर तासलेल्या बांबूवर नाही. मी कुणालाही मागे जायला सांगत नाहीये. पण सातपुड्यातल्या भिलांचा तीरकामठा बघा. काठी बांबूची आणि दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. एकाच झाडातून, एका धारदार पात्यानं. ते करताना ताण, दाब, धाग्यांची दिशा या सगळ्याचा हिशोब झालेला असतो, फक्त कागदावर नसतो. आपण खेळाडूला अर्जुन पुरस्कार देतो १९६१ पासून, गुरूला द्रोणाचार्य पुरस्कार देतो १९८५ पासून. ज्याला धनुष्य करता येतं त्याच्या कामाचं नाव आपण पंगतीत विनोदासाठी वापरतो.

आणि हे सोलापुरात चालतं, हे जास्त डोक्यात जातं. चादरीवर नाव कमावलेलं गाव. मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे जॉबर इथल्या गल्लीबोळात होते आणि आहेत. त्यांनी पोरांना इंजिनियरिंगला घातलं ते मागाला हात लावावा लागू नये म्हणून. त्यांना मी दोष देणार नाही. हातानं काम करणाऱ्याला ना पैसा ना मान, हे त्यांनी बघितलेलं होतं. दोष आपला आहे. आपण शिकलो, आणि शिकलो म्हणजे हात लावायचा नाही, असा अर्थ घेतला. या अर्थाच्या मुळाशी जात आहे. नाहीतर 'सुतारकाम' आणि 'बुरुडकाम' हे शब्द टोमण्यासाठी का वापरले असते?

नवीन काही शोधायची गरज नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी हातातून शिक्षण मांडलं. १९८३ साली डॉ. कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून ते करून दाखवलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडे शिकायला पाठवा असं लिहिलंय. दहा दिवस! माझी तीन धनुष्यं दहा दिवसांत मोडून झाली नाहीत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वर्कशॉपचा विषय एकतर बंद करा, नाहीतर खरा घ्या. विद्यार्थ्यानं वस्तू करावी आणि ती सगळ्यांसमोर ताणून बघावी. मोडली तर का मोडली हे सांगण्याला मार्क. आणि शिकवायला मामांना बोलवा, 'व्हिजिटिंग फॅकल्टी' म्हणून. जे मानधन टाय लावून 'सॉफ्ट स्किल्स' शिकवणाऱ्याला देता तेवढंच त्यांना द्या. एक रुपया कमी नको.

काकांचंही राहिलं. काका, अजून मला बुरुडकाम येत नाही हो. आलं की सांगतो.

चौथा बांबू आणलाय. यावेळी पैसे देताना मामांना म्हटलं, साहेब नको, नावानं हाक मारा. ते म्हणाले, "बरं साहेब."