वाड्यातल्या जुन्या रायफलीला हात लावण्याआधी

बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यातल्या जुन्या मालगुजारी घरांत आजही एखादी शिकारी रायफल निघते. 1951 साली मालगुजारी गेली. 1956 साली नागपूर राजधानी असलेलं राज्य मोडलं आणि आपला जिल्हा भोपाळकडे गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर पडदा टाकला. रायफल मात्र घरातच राहिली. मधल्या काळात कुणी तिची नळी कापली, कुणी दुर्बीण बसवायला भोकं पाडली, कुणी तुटलेला दस्ता काढून सागाचा बसवला. आता नातवंडांना वाटतं, खर्च झाला तरी चालेल, पण तिला पहिल्यासारखी करू. तुमच्या घरात असं काही चाललं असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे : घाई करू नका. कित्येकदा तिला आहे तशी ठेवणं हेच तिचं खरं जतन असतं.

आधी परवाना बघा. रायफल आजोबांच्या नावावर होती, आजोबा गेले आणि कपाट बंदच राहिलं, असं पुष्कळ घरांत झालेलं असतं. परवानाधारक वारला की शस्त्र विनाकारण उशीर न करता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसानं जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आपल्या नावानं परवाना मागायचा. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वडिलोपार्जित बंदूकही त्या दोनांतच धरली जाते. भावंडांत वाटणीचा विषय असेल तर तो इथेच मिटवा.

‘ती तर शोभेची आहे, चालत कुठे?’ हे वाक्य मी फार ऐकतो, आणि त्याची मला फार काळजी वाटते. शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये पुराण्या, मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही जे चालू शकणार नाही अशाच शस्त्राला. म्हणजे आज चाप अडकलेला आहे, उद्या कारागिरानं सोडवला तर गोळी सुटेल, अशी रायफल कायद्याच्या लेखी बंदूकच आहे. तुमच्याकडे खरोखर निकामी झालेली वस्तू असेल, तर तिच्यात जीव आणण्याच्या हौसेनं तुम्ही ती सूट स्वतःच घालवून बसाल. शिवाय बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. नळी आखूड करणं किंवा एका प्रकारची बंदूक दुसऱ्या प्रकारात बदलणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. गावातला वेल्डिंगवाला कितीही हुशार आणि कितीही ओळखीचा असो, त्याच्याकडे रायफल नेऊ नका. नक्षलवादाची झळ सोसलेल्या जिल्ह्यात पोलिस शस्त्राकडे बारकाईनं बघणारच.

कागद नीट असले तर पुढचा प्रश्न. ‘पहिल्यासारखी’ म्हणजे कशासारखी? इथे जाणकारही फसतात. आपल्याकडच्या अनेक .315 बोअरच्या रायफली फौजेच्या ली-एनफील्डसारख्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, ही मूळची फौजी .303, कुणीतरी पुढचं लाकूड कापून हिची शिकारी रायफल केली. खरी गोष्ट बहुतेक वेळा वेगळी असते. फौजी काडतुसं लोकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारनं त्या बोअरच्या बंदुका सामान्य माणसाला बंद केल्या होत्या. म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यानं तीच घडण ठेवून .315 बोअरच्या रायफली बनवल्या, आणि पुढे इशापूरच्या आपल्या सरकारी कारखान्यातही त्या बोअरच्या रायफली बनू लागल्या. त्या जन्मानंच शिकारी. त्यांना फौजी लाकूड चढवणं म्हणजे नसलेला इतिहास चिकटवणं. आणि एखादी खरंच .303 वरून बदललेली असली, तरी तिला मूळ बोअरवर न्यायचा विचारही मनात आणू नका, कारण .303 आजही प्रतिबंधित बोअर आहे.

नळीवरचं नाव वाचताना सावध असा. ‘मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता’ किंवा ‘रॉड्डा, कलकत्ता’ असं कोरलेलं असलं की लोक तोच कारखाना समजतात. ही दुकानदारांची नावं. पुष्कळदा बनवणारा दुसराच असे. खरी माहिती नळीच्या मुळाशी, दस्त्यात दडलेल्या भागावर असते : नंबर, आणि बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीघराचे बारीक शिक्के. रायफल रिकामी आहे याची खात्री परवानाधारक कारागिराकडून करून घ्या, दस्ता त्यालाच उतरवू द्या आणि शिक्क्यांचे जवळून फोटो काढा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा जुन्या घराण्यांच्या वह्या अजून आहेत. नंबर कळवला तर रायफल कधी, कुणासाठी, कोणत्या बोअरमध्ये बनली हे कळू शकतं. हे कळेपर्यंत एक स्क्रूही बदलू नका.

मग ठरवा. काढलेले मूळ भाग घरातच सापडले, जुना दस्ता माळ्यावर, नेम धरायची माशी एखाद्या डबीत, तर ते कारागिराकडून जरूर परत बसवून घ्या. अशा बदलात काही गमावत नाही, उद्या उलटही करता येतो. कापलेली नळी मात्र पुन्हा वाढत नाही. नवी नळी घातली की रायफल अर्धी नवीच झाली. भोकं वेल्डिंगनं बुजवली तर उष्णतेनं पोलादाचा कस जाऊ शकतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान पॉलिशच्या चाकावर होतं : कडा गोल होतात, कोरीव अक्षरं पुसट होतात, नंबर घासला जातो. ओळखनंबर मिटवणं हा तर कायद्यानंच गुन्हा. झिजलेली निळी झाक तशीच राहू द्या. संग्राहकही चकाचक रंगवलेल्या रायफलीपेक्षा प्रामाणिकपणे झिजलेल्या रायफलीलाच जास्त मोल देतात.

सागाच्या दस्त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूळचं लाकूड अक्रोडाचं असणार, हे खरं. पण अक्रोड मिळेना तेव्हा इथल्या सुतारानं इथल्या जंगलातल्या सागातून हातानं तो दस्ता कोरला असेल, तर तो काढून बाहेरून नवा आणू नका. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 साली मिळालेली .275 रिग्बी आज जगभर ओळखली जाते ती दस्त्यावरच्या छोट्या चांदीच्या पट्टीमुळे. ती पट्टीही कारखान्यातल्या साच्याचा भाग नव्हतीच, नंतर आलेली खूण होती. तुमचा सागाचा दस्ता तशीच खूण आहे.

करायचं काम एवढंच : सुती कापडानं धूळ पुसा, लोखंडाला बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्या, लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन थेंब. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि आत गंज चढतो. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली रायफल परत आली की त्याच दिवशी तपासा. चालवून बघायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, जुन्या काडतुसांनी तर अजिबातच नाही. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा : दस्ता कुणी बदलला, कोणत्या साली, नळी का कापली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ती वही परवान्याच्या कागदांबरोबर ठेवा.