विश्लेषण : राज्याला भरलेल्या व्यवसाय करावर केंद्राचाही कर? शेवगावच्या पगारदाराचे गणित काय?

शेवगावातल्या एखाद्या शिक्षकाच्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. वर्षाचे होतात 2,500. हा राज्य सरकारचा व्यवसाय कर. कपात इतकी जुनी आणि किरकोळ की तिच्याकडे कुणी फारसे बघत नाही. पण प्राप्तिकराच्या हिशेबात तिची जागा बदलली आहे. जुन्या करप्रणालीत हे 2,500 रुपये उत्पन्नातून वजा होतात, नव्या प्रणालीत होत नाहीत. आणि 2023-24 पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तशी निवडावी लागते.

हा कर आला कुठून?

महाराष्ट्राचा कायदा 1975चा. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा त्यामागचा हेतू होता. शेवगाव-पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण पट्ट्याला या योजनेची वेगळी ओळख करून द्यायला नको. राज्याला हा कर मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये त्याची वार्षिक कमाल मर्यादा आधी 250 रुपये होती. 1988च्या 60व्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली. त्यानंतर ती हललेली नाही. महिलांना मात्र 2023 पासून महिना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे.

2,500 वर 2,600 कसे?

बहुतेकांना या बदलाची झळ बसत नाही, कारण 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो. 75 हजारांची प्रमाणित वजावट धरली, तर 12.75 लाखांपर्यंतचा पगार सुटतो.

आता समजा, एखाद्या मुख्याध्यापकांचा वर्षाचा पगार 12,77,500 रुपये आहे. 75 हजार वजा केले की उरतात 12,02,500. व्यवसाय कर वजा झाला असता तर उत्पन्न बरोबर 12 लाखांवर आले असते आणि कर शून्य. तो वजा होत नाही, म्हणून 12 लाखांच्या वरचे 2,500 रुपये ‘मार्जिनल रिलीफ’च्या नियमाने पूर्णच्या पूर्ण करात जातात. वर 4 टक्के सेस, म्हणजे 100 रुपये. हातात कधी न आलेल्या अडीच हजारांवर केंद्राला 2,600 रुपये द्यायचे! हे टोकाचे उदाहरण आहे, हे खरे. पगार 15 लाख असेल तर फरक 390 रुपयांचाच पडतो. तेवढ्यासाठी जुन्या प्रणालीत जाणे मात्र बहुतेकांना परवडणार नाही. तिथले दरच चढे आहेत.

दुकानदाराचे काय?

त्याचे बरे आहे. क्रांती चौकात दुकान असो वा अडत, धंद्यासाठी भरलेला व्यवसाय कर हा धंद्याचा खर्च धरला जातो, नव्या प्रणालीतही. कर तोच, कायदा तोच. फक्त नोकरदाराला वजावट नाही.

घरपट्टीचा नियम आणखी वेगळा. गाळा किंवा घर भाड्याने दिले असेल, तर नगरपरिषदेला भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा होते. ती मालकाने स्वतः आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी. भाडेकरूने भरली तर मालकाला वजावट नाही. जुनी थकबाकी या मार्चमध्ये भरली, तर ती याच वर्षात धरता येते. स्वतः राहत्या घराच्या पट्टीला अशी सवलत नाही.

अमेरिकेत हाच वाद

तिथे राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 2018 पासून 10 हजार डॉलरची मर्यादा होती. न्यू जर्सीसारख्या, मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या राज्यात बऱ्याच घरांची घरपट्टीच तेवढी भरते. जुलै 2025च्या कायद्याने ही मर्यादा 2025 साठी 40 हजार डॉलर केली. पाच लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्यांसाठी ती कमी होत जाते आणि 2030 मध्ये सगळ्यांसाठीच पुन्हा 10 हजारांवर येईल. म्हणजे तिथे भांडण मर्यादा किती असावी याचे आहे. आपल्याकडे नव्या प्रणालीतल्या पगारदाराला ती शून्य आहे आणि त्यावर फारशी चर्चाही नाही.

ती होण्याचे कारण पुढे येऊ शकते. व्यवसाय कराची मर्यादा 18 हजारांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने केली आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. ती झाली, राज्याने पूर्ण 18 हजार आकारले आणि वजावट मात्र बंदच राहिली, तर त्याच 15 लाखांच्या पगारावर 390 रुपयांचा फरक 2,808 रुपयांवर जाईल.