गवताची पैसेवारी

जून महिना लागला की सुरतेत पावसाची चौकशी दोन प्रकारे होते. शहरातले लोक विचारतात, "उकाईची पातळी किती?" आणि उधना-लिंबायतकडची आपली खानदेशी माणसे गावाकडे फोन लावून विचारतात, "पानी पडना का?" नदी एकच, तापी. वर शिंदखेडा-अमळनेरकडे तिच्या पाण्याची वाट पाहतात आणि खाली आपण तिची धास्ती घेतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये शहर बुडाले, तेव्हापासून तर उकाईचा ३४५ फूट हा आकडा इथे शाळकरी पोरालाही पाठ असतो.

या दोन्ही चौकश्यांत एक वाट पाहणारा मात्र सुटतो. तो म्हणजे दावणीचे जनावर. पेरणी किती झाली याची बातमी येते, धरणात पाणी किती याची येते. गवत किती उगवले याची बातमी कोणी वाचली आहे का?

वस्तुतः गुरांच्या हलाखीचे मूळ पावसाआधीच असते. खानदेशात ज्वारी-बाजरीचे क्षेत्र कापसाने खाल्ले. कापसाला पैसा मिळतो, हे शेतकऱ्याला मी वाणिज्य शाखेत बसून शिकवायची गरज नाही. पण ज्वारी माणसाला दाणा देई आणि बैलाला कडबा. कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जातात, दावणीत नाही. म्हणजे एका पिकाचा नफा मांडताना दुसऱ्याचा जोड-उत्पन्नाचा रकाना आपण कोरा सोडला, आणि तोच चारा मे महिन्यात रोखीने विकत आणू लागलो.

बरे, पाऊस पडला की सुटलो असेही नाही. पहिल्या सरीनंतर माळ हिरवा दिसतो, पण त्या हिरवळीत चारा नसतो. मारवेल, पवना यांसारख्या गवतांना मूळ धरायला काही आठवडे लागतात. त्याआधीच गुरे सोडली तर कोंब उपटला जातो आणि पुढचे सारे वर्ष माळ बोडका राहतो. पाऊस पडून मध्येच दडी मारून बसला, तर आणखी वाईट. ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होते आणि भुकेले जनावर त्यावर तुटून पडते. अशा वेळी अर्धा पाऊस हा कोरड्या आभाळापेक्षा घातक ठरतो.

मेंढपाळाची तर तऱ्हाच उलटी. उन्हाळ्यात निदान रिकाम्या शेतांत त्याचे स्वागत असते. मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी बोलावतो. पाऊस आला की शेते पेरली जातात, जंगलात चराईला अटकाव असतो. धुळे जिल्ह्यातल्या ठेलाऱ्यांनी कळप न्यायचा कुठे? सरकारलाही हे कळले आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी मेंढपाळ कुटुंबाला दरमहा ६,००० रुपये चराई अनुदान देण्याची योजना २०१९ मध्ये निघाली ती त्यामुळेच. पैसे मिळाले तर चांगलेच. पण मेंढी नोटा खात नाही. गवत विकत घ्यायला ते कोणीतरी राखलेले हवे.

आपल्याकडे पिकाची पैसेवारी असते. पन्नास पैशांच्या खाली आली की दुष्काळाची भाषा सुरू होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्राने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात शिंदखेडा, नंदुरबार, चाळीसगाव होते. २०१६ च्या केंद्रीय संहितेप्रमाणे आता उपग्रहावरून हिरवेपणाही मोजतात. पण उपग्रहाला टाकळा आणि मारवेल सारखेच हिरवे! गुरे टाकळ्याला तोंड लावत नाहीत, हे अंतराळातून कसे दिसावे?

अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशातली रीत इथे पाहण्यासारखी आहे. तेथील कृषी खाते हंगामात दर आठवड्याला प्रत्येक राज्यातल्या कुरणांची प्रत छापते: अति वाईट, वाईट, बरी, चांगली, उत्तम. दुष्काळ ठराविक पायरीला पोचला की पशुपालकाला चाऱ्याच्या नुकसानीची भरपाई मिळते. तिथेही पाऊस कोणाच्या हातात नाहीच. २०२१ मध्ये कॅनडाची प्रेअरी करपली, लोकांनी कळप विकले, आणि पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी पश्चिमेला वाळल्या गवताचे भारे पाठवले. पण टंचाई किती, हे त्यांना गाय हाडकुळी होण्याआधी कळले. आपल्याला ती छावणी उघडायच्या दिवशी कळते.

छावणीचा हिशेबही मांडून पाहावा. २०१९ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपयांपर्यंत दर गेला होता. एक लाख जनावरे धरली तर दिवसाला एक कोटी, महिन्याला तीस कोटी. आणि प्रत्यक्षात छावण्यांतली जनावरे एक लाखाच्या कितीतरी पुढे होती. एवढा खर्च करून वर्षाअखेरीस मालमत्तेच्या बाजूला काय उरले? शेण.

याउलट आपल्या गुजरातेत वनखाते सौराष्ट्र-कच्छच्या 'वीडी' राखते, चांगल्या वर्षी गवत कापून गोदामात भरते आणि टंचाईच्या वर्षी वाटते. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा हा साठ्याचा हिशेब. 'छप्पनियो' म्हणून आजही ओळखल्या जाणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातची गुरे हजारोंनी मेली. तो धडा फार महाग पडला होता. खानदेशातल्या तालुक्याला असे एक गवताचे गोदाम का नसावे, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

गोदाम भरायला माळ हवा. गावाच्या चराऊ जमिनीला आपण गायरान म्हणतो, गुजराती 'गौचर' म्हणतात आणि या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र 'गोमाळ'. तिन्ही भाषांनी गाय शब्दात जपली; जमीन मात्र कुणीच जपली नाही. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. तरी चित्रदुर्गाकडची अमृतमहाल कुरणे संस्थांना आणि प्रकल्पांना गेली, महाराष्ट्रात गायरानांवर सौर पट्ट्या उभ्या राहू लागल्या.

आता माझ्याच म्हणण्याला काटशह देणारा इतिहास इथे, सुरतेच्या दाराशीच आहे. पारडी तेव्हा सुरत जिल्ह्यात होती. तिथल्या जमीनदारांनी हजारो एकर जमीन मुद्दाम गवताखाली ठेवली, कारण ते मुंबईला विकले जाई आणि त्याला मजूर फारसे लागत नसत. भूमिहीन आदिवासी त्या हिरव्या समुद्राच्या काठावर उपाशी. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मागणी होती धान्य पिकवायला जमीन द्या. समेटाला १९६७ साल उजाडले. तेव्हा गवत म्हटले की पुण्य, असे मी म्हणत नाही. ज्या भूमिहीनाने गायरानाच्या कोपऱ्यात पोटापुरती बाजरी पेरली, त्याला हाकलण्यात मला मुळीच पुरुषार्थ दिसत नाही. पारडीचे गवत एका मालकाच्या खिशासाठी होते; गायरान कोणा एकाचे नसते, हा फरक आहे. अतिक्रमण हटवा म्हणताना आधी झोपडी दिसते आणि प्रकल्पाचे कुंपण दिसत नाही, त्याला माझा विरोध आहे.

राखले तर माळ किती देतो, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवले आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने मोकाट चराई बंद केली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली. गावात दिवसाला शे-दीडशे लिटर दूध निघत असे, ते काही हजार लिटरांवर गेले. पाऊस तोच, तुटपुंजा.

आमच्या वर्गात संख्याशास्त्राचे प्रकल्प दरवर्षी होतात. बहुतेक साडीच्या बाजारावर. एखाद्या प्राध्यापकांनी यंदा चार मुले तापीलाइनच्या गाडीत बसवून नंदुरबारला धाडावीत. दहा गावे, दर पंधरवड्याला गायरानातला एक चौरस मीटर कापून वजन करायचे, कडब्याचा भाव टिपायचा. तराजू, विळा आणि पासचे भाडे, एवढाच खर्च येईल.