ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

हल्ली कुठल्याही महिला मेळाव्याला गेलं की एक भाषण ठरलेलं असतं. पाहुणे उठतात आणि समोर सतरंजीवर बसलेल्या दोन-तीनशे बायकांना सांगतात, "भगिनींनो, मोबाईल जपून वापरा. मुलींच्या हातात देऊ नका, दिलात तर लक्ष ठेवा. आजकाल काय काय घडतंय!" पोलीस खात्यातले साहेब असोत, शाळेचे मुख्याध्यापक असोत नाहीतर पुढारी असोत, भाषण तेच. बायका माना डोलावतात. त्यांच्यातल्या कितीजणींकडे स्वतःचा फोन आहे हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या बायकांना हे विचारलं गेलं होतं. स्वतः वापरता येईल असा फोन आपल्याकडे आहे असं देशभरात ५४ टक्के बायकांनी सांगितलं. आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका होत्या ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. आता हे आकडे वाढले असतील, मान्य. पण माझ्या अनुभवात 'माझा फोन' म्हणणाऱ्या बाईला पुढचे दोन प्रश्न विचारले की खरं चित्र कळतं. सिम कोणाच्या नावावर आहे? रिचार्ज कोण मारतं? बहुतेक वेळा दोन्हीचं उत्तर 'ह्यांच्या' किंवा 'पोराच्या' असं येतं. फोन फुटला की दुरुस्त होणार की नाही, हेही तेच ठरवतात. आणि जबाबदारीचं व्याख्यान मात्र बाईला!

लाडकी बहीण योजनेचंच बघा. जुलै २०२४ मध्ये योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि सत्ताधारी युती प्रचंड बहुमतानं निवडून आली. त्यानंतर आपल्याच सुशिक्षित वर्तुळांतून जे बोललं गेलं ते मी अजून विसरलेले नाही. "बायकांनी पंधराशे रुपयांत मत विकलं." शेतकऱ्याची कर्जमाफी झाली, कारखानदाराला सवलत मिळाली, तर त्याला कुणी मत विकलं म्हणत नाही, त्याला धोरण म्हणतात. खुरपायला जाणाऱ्या बाईच्या खात्यात पैसे आले की तेवढी तिची नीतिमत्ता तपासायला सगळे मोकळे. योजना निवडणुकीवर डोळा ठेवून आणली गेली, यात मला काडीची शंका नाही. रोजगार आणि रेशन यांची जागा पंधराशे रुपये घेऊ शकत नाहीत, हेही मी प्रत्येक बैठकीत सांगते. पण राजकारण्यांच्या हेतूचा जाब बाईला विचारायचा, हे मला मंजूर नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. जुलै २०२५ मध्ये उघड झालं की चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यात या योजनेचे पैसे गेले. बहिणीच्या योजनेत भाऊ घुसले! सरकारी नोकरीतल्या काही बायकांनीही लाभ घेतल्याचं निघालं, तेही चुकीचंच. मग सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये फर्मान काढलं, की सगळ्या लाभार्थी बायकांनी दोन महिन्यांत ई-केवायसी करायची. ती कशी? बाईनं स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या फोनवर ओटीपी येणार, तो भरायचा. एवढ्यानं भागत नाही. मग नवऱ्याचा आधार क्रमांक टाकायचा, लग्न झालेलं नसेल तर बापाचा, आणि ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. त्यानं तो सांगितला तर ती लाडकी.

गैरव्यवहार पुरुषांनी केला आणि परवानगी पुरुषाकडूनच घ्यायची, हा न्याय कुठला?

याच योजनेच्या पात्रतेच्या यादीत विधवा आहेत, घटस्फोटित आहेत, 'परित्यक्ता आणि निराधार' असे शब्द सरकारनंच घातलेले आहेत. परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली बाई. जिला टाकलं त्याच्याच फोनवरचा आकडा तिनं आणायचा! आमच्या सल्ला केंद्रात त्या दोन महिन्यांत या एकाच कामासाठी बायका येत होत्या. एकीला नवऱ्यानं सोडून अकरा वर्षं झालीत. तो दुसरीबरोबर राहतो. पोटगीचा दावा तिनं जिंकला, पण पोटगीचा रुपया कधी पाहिला नाही. तिनं अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला फोन लावला. तो म्हणाला, "नंबर सांगतो, पण पहिले दोन हप्ते माझे." तिनं फोन ठेवून दिला. दुसरीचा नवरा ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला, फडात रेंज नाही. संध्याकाळी तो टेकाडावर चढून फोन करायचा, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असायची. तिसऱ्या बाईचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. ती म्हणाली, "ताई, तो नंबर सांगेल, पण मग पैसे आलेत हे त्याला कळेल." तिनं सव्वा वर्ष तो पैसा त्याच्या नजरेआड ठेवला होता, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी.

ओरड झाली, तेव्हा मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. ज्यांचा नवरा किंवा बाप हयात नाही किंवा ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांनी मृत्यूचा दाखला, कोर्टाचा आदेश असले कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचे, अशी वाट काढली. विधवेकडे दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा कागद असतो. परित्यक्तेकडे काय असतं? टाकून दिल्याचा दाखला नवरा लिहून देत नाही. परित्यक्तांच्या नावे वेगळं रेशनकार्ड मिळावं म्हणून याच महाराष्ट्रात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, धरणी धरली. ज्या कार्यकर्त्यांनी त्यात चपला झिजवल्या, त्यांना आज तोच प्रश्न फोनच्या पडद्यावर पुन्हा दिसतोय.

कुणी म्हणेल, कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर नवऱ्याची माहिती लागणारच. लागू द्या. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर उत्पन्नाच्या दाखल्याची सूट याच सरकारनं दिली होती, म्हणजे उत्पन्न तपासायचा रस्ता त्यांच्याकडे आहे. आयकर भरणाऱ्यांची, सरकारी नोकरांची यादीही सरकारकडेच असते. ती जुळवायचं काम खात्याचं आहे. ते बाईच्या गळ्यात घालायचं आणि मुदतीत जमलं नाही तर हप्ता बंद करायचा, याला मी पडताळणी म्हणत नाही. आणि २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा काय सांगतो? रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णयही महाराष्ट्र सरकारचाच. एका कागदावर बाई कुटुंबप्रमुख, दुसऱ्यावर आईचं नाव मानानं लावलेलं, आणि फोनच्या पडद्यावर मात्र ती कुणाची तरी बायको नाहीतर लेक!

अंगणवाडीतही तेच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. गरोदर बाईनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून डोळे मिचकावायचे, आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येणार, तो सांगायचा. आधार काढताना घरात एकच फोन होता, म्हणून नंबर नवऱ्याचा दिलेला. नवरा कामावर. त्यामुळे पोटातल्या बाळाच्या खाऊला बापाच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघावी लागते. सेविकेची वेगळीच तऱ्हा. तिला दिलेले फोन इतके निकृष्ट होते, की ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी मोर्चे काढून ते सरकारला परत केले. तंत्रज्ञानाला बायका घाबरतात म्हणणाऱ्यांनी ते मोर्चे बघायला हवे होते. चालेल असं यंत्र द्या आणि आम्हाला कळेल अशा भाषेत द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

फोनच्या बाजूनं मी एवढी का बोलते, तर त्याला एक कारण आहे. आपल्या घरात आलेलं जवळजवळ प्रत्येक यंत्र 'बाईसाठी' म्हणून आलं. कुकर, मिक्सर, धुलाई यंत्र. जाहिरातीत तिचं हसू आणि यंत्र मात्र सगळ्या घराच्या सेवेला. मिक्सर आला म्हणून पाट्यावरचं वाटण गेलं, त्याच्या जागी रोज तीन तऱ्हेच्या चटण्या आल्या. २०२४ च्या वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची ८८. यंत्रांनी ती दरी काही बुजवलेली नाही. फोन हे घरातलं पहिलं यंत्र आहे, जे बाई दुसऱ्या कुणाला वाढण्यासाठी वापरत नाही. ती त्यावर बहिणीशी बोलते, गाणं ऐकते, मजुरीचा दर विचारते, दवाखान्याची वेळ विचारते, कधी नुसती हसते. माझ्या मते घरच्यांना खुपतं ते नेमकं हेच.

त्यामुळे बंदीची सुरुवात मुलींपासून होते. २०१६ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावानं अविवाहित मुलींना मोबाईलबंदी केली आणि मोडली तर २१०० रुपये दंड लावला. २०१९ मध्ये बनासकांठा जिल्ह्यातल्या बारा गावांतल्या ठाकोर समाजानंही तसाच ठराव केला. मुलांना बंदी नाही. मुलीला घाणेरडे संदेश पाठवणारा फोन कुणाच्या खिशात असतो, हा प्रश्न त्या सभांत कुणी विचारला असेल असं वाटत नाही. आता याच्या शेजारी सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव ठेवा. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद होतात, मुलांनी अभ्यासाला बसावं म्हणून. हा नियम बापाला आणि आईला सारखाच लागू आहे. (त्या दीड तासात चुलीपुढून कोण उठतं, हा माझा आगाऊ प्रश्न, तो बाजूला ठेवू.) संयम शिकवायचा तर सगळ्या घराला शिकवा, त्याला आमची हरकत नाही.

सुरक्षेचंही असंच उलटं झालंय. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला, की १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटाचं बटण हवं. साध्या फोनवर पाच किंवा नऊचा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण भराभर तीनदा दाबायचं. चांगलं आहे, मी शिबिरात शिकवते. पण बटण दाबल्यावर पोहोचायचं काम पोलिसांचं आहे आणि रस्त्यावर दिवा लावायचं काम नगरपालिकेचं. बाईनं बटण दाबलं नाही म्हणून तिच्यावर हल्ला झाला, असं बोलणं मी एका चौकशीत माझ्या कानांनी ऐकलंय.

आपल्या संघटनांतही सगळं आलबेल नाही, हे लिहायला हवं. आपल्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्या जोडप्याची भांडणं सोडवताना पहिला सल्ला देतात, "बाई, काही दिवस मोबाईल सासूकडे दे, संशय जाईल." अशानं संशय जात नाही, फोन जातो. मग मार खाल्ल्यावर माहेरी कळवायचं साधनही तिच्याकडे उरत नाही. समेटाच्या कागदावर 'पत्नी मोबाईल वापरणार नाही' अशी अट मी पाहिली आहे, खाली बायकांच्याच सह्या असलेली. अशी अट कुठल्याही केंद्रानं लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी करण्यासारखं पुष्कळ आहे. गावातल्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं सिम कोणाच्या नावावर आहे ते सांगावं. आपल्या नावावर किती सिम निघालीत, हे सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर बघता येतं. कितीतरी नवरे, दीर बायकोच्या आधारवर सिम काढून मोकळे झालेले असतात. आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्यायला चौघी-पाचजणींनी मिळून आधार केंद्रावर जावं. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी क्रमांक येतो, तो वहीत लिहावा आणि बिलाची पावती जपावी. घर सोडायची वेळ आली, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या अर्जात दागिने, भांडी, कागदपत्रं यांच्या यादीत फोनही लिहावा. कायद्यानं स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या वस्तू परत देण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. फोन करून, संदेश पाठवून छळायला मनाई करणारा आदेशही त्याच कायद्यात मिळतो. वकील हे मागायला विसरतात, आपण आठवण करून द्यायची.

आणि सरकारकडे एकच मागणी लेखी द्यायला हवी, जिल्ह्या-जिल्ह्यातून: बाईच्या नावे असलेल्या कुठल्याही योजनेसाठी ओटीपी फक्त तिच्याच फोनवर यावा आणि फोन नसेल तर तिच्या सहीवर, अंगठ्यावर काम व्हावं. आमच्या तालुक्यातून या मागणीवर सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. अर्जाचा मसुदा कुणाला हवा असेल तर पत्र टाका, आम्ही पाठवतो.