अडीच लाखांत गाडी? मिळते की!

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती तुम्ही कधी नीट वाचल्या आहेत का? ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टरांची गाडी’, ‘फक्त रविवारी वापरलेली’, ‘एसी चिल्ड, टायर नवीन’ आणि शेवटी ‘बघताक्षणी प्रेमात पडाल’! वाचून असं वाटतं की महाराष्ट्रातले सगळे डॉक्टर गाडी घेतात ती फक्त विकण्यासाठीच. गमतीचा भाग सोडा, पण या जाहिरातींत दोन गोष्टी कधीच नसतात. गाडीत बसणार कोण, आणि गाडीचा इतिहास काय? माझं स्पष्ट मत आहे की बजेट टाइट असेल तेव्हा हेच दोन प्रश्न खरे. ब्रँड, कलर, अलॉय व्हील्स, म्युझिक सिस्टिम वगैरे सगळं नंतर.

हा विषय सुचायचं कारण घरचंच आहे. आजीच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. महिन्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागतं आणि रिक्षात चढताना तिचा चेहरा बघवत नाही. बजेट अडीच लाख, त्यात एक रुपया वाढणार नाही. बाबांच्या मनात मात्र सेडान आहे. “तेवढ्याच पैशात मोठी गाडी मिळतेय ना, मग छोटी कशाला?” मित्रांनो, हे वाक्य तुमच्याही घरी कोणी ना कोणी म्हणत असणार. माझा लेख या वाक्याविरुद्ध आहे (बाबांविरुद्ध नाही, कृपया नोंद घ्यावी!).

मोठी गाडी स्वस्तात का मिळते? कारण वय वाढलं की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या पार्टची उतरत नाही. दहा लाखांची गाडी जुनी होऊन अडीच लाखांना आली, तरी तिचे शॉकॉब्सर्बर, क्लच, एसी कॉम्प्रेसर हे दहा लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणजे आपण गाडी परवडणारी घेतो आणि बिलं न परवडणारी! कंपनीचंही तसंच. शेवरोलेने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. गाड्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण अशी गाडी घेण्याआधी आपल्याच गावातल्या गॅरेजवाल्याला विचारावं की बाबा रे, हिचा पार्ट किती दिवसांत मिळतो? त्याने डोकं खाजवलं की उत्तर मिळालं.

आता कम्फर्ट. आपल्याला वाटतं कम्फर्ट म्हणजे गुबगुबीत सीट. चूक! बसलेल्या माणसाच्या कमरेचा सांधा जिथे येतो त्याला ऑटोमोबाइलवाले एच-पॉइंट म्हणतात. हा पॉइंट जमिनीपासून खूप खाली असला की माणसाला गाडीत ‘उतरावं’ लागतं आणि बाहेर येताना गुडघ्यांवर अख्खं वजन घेऊन उठावं लागतं. बहुतेक सेडानमध्ये हेच होतं. उलट १९९८ साली आलेली सँट्रो किंवा १९९९ ची वॅगन आर या ‘टॉल बॉय’ गाड्या. दिसायला डबा म्हणून लोक हसले, पण आजी-आजोबा त्यात खुर्चीवर बसावं तसे आडवे होऊन बसतात आणि मग पाय आत घेतात. म्हणून गाडी बघायला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावं. तीन वेळा बसवावं, तीन वेळा उतरवावं. ही टेस्ट कुठल्याही टेस्ट ड्राइव्हपेक्षा मोठी.

दुसरा मुद्दा टायरचा. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. १६५ मिलिमीटर रुंदी आणि तिच्या ८० टक्के साइडवॉलची उंची, म्हणजे १३२ मिलिमीटर. आता कोणी हौसेने अलॉय लावून १९५/५५ आर १६ टायर घातले, तर साइडवॉल उरते फक्त १०७ मिलिमीटर. आपल्या रस्त्यांवरचा खड्डा आधी ही रबराची उशी खाते, मग सस्पेन्शन, मग आपली कंबर. उशी पातळ झाली की कंबरेचा नंबर लवकर लागतो. फॅशनचे पैसे आपण द्यायचे आणि धक्के आजीने खायचे, हा कुठला न्याय?

आता इतिहास. विकणारा सांगेल तो इतिहास नाही, गाडी सांगेल तो. पहिली अट, इंजिन थंड असताना जायचं. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर समजा कोणीतरी आधीच स्टार्ट करून ठेवली आहे. थंड इंजिन चालू करताना एक्झॉस्टकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असू शकतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसला तर अजून सावध व्हा. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी तीस हजार किलोमीटर चाललीय म्हणतात, पण पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत झालंय? मग मीटरवर विश्वास कशाला? सर्व्हिस रेकॉर्ड मागा, प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात.

आपण इंजिनिअर ना? मग पाचशे-हजार रुपयांचा ओबीडी स्कॅनर घ्या. तो स्टिअरिंगखालच्या पोर्टला लागतो आणि मोबाइलवर दिसतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत पोर्ट असतं. त्यात एरर कोड तर दिसतातच, पण बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ हेही दिसतं. ते अंतर बारा किलोमीटर आलं, तर कोणीतरी काल-परवाच चेक इंजिनचा दिवा घालवलाय, नाहीतर बॅटरी काढलीय. दोन्हीचं कारण विचारायचं.

आणि पूर! २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ राहते. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज बघा, एसी बंद ठेवून कुबट वास येतो का बघा. वायरिंगमध्ये एकदा पाणी गेलं की ती गाडी तुम्हाला रात्री अकरा वाजता घाटात दगा देणार.

कागदपत्रांचा सगळ्यांना कंटाळा, पण खरा धोका इथेच आहे. फॉर्म २९ आणि ३० हे ट्रान्स्फरचे. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितलं की अपघात झाला तर भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या रेकॉर्डवर आहे. गाडी मध्ये कितीही हातांतून गेली असली तरी! म्हणून सही कोरी देऊ नका आणि घेऊही नका.

सेफ्टीवर तडजोड नको. जुलै २०१९ पासून तयार झालेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये एबीएस आणि निदान ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. बजेटमध्ये बसलं तर त्यानंतरचीच घ्या. नाही बसलं तर जुन्या गाडीचं असं व्हेरिएंट शोधा ज्यात हे दोन्ही होतं. सनरूफ नसला तरी कोणी मरत नाही.

शेवटचं गणित सोपं आहे. बजेट अडीच लाख असेल तर गाडी दोन लाख दहा हजारांच्या वर बघायचीच नाही. उरलेले चाळीस हजार ट्रान्स्फर, इन्शुरन्स, सगळी ऑइल्स, बॅटरी आणि गरज पडली तर टायर. हे पैसे ‘वाचले’ नाहीत, ते गाडीच्या किमतीतच आहेत, फक्त विकणाऱ्याला द्यायचे नाहीत.

आपण आयसी इंजिनचे डायग्राम पाठ करून पेपरात काढतो, दहापैकी आठ मार्क मिळवतो. आणि घरात गाडी घ्यायची वेळ आली की निर्णय कोण घेतं? काकांच्या ओळखीचा एक एजंट! आई-वडिलांची कित्येक वर्षांची बचत असते ती. त्या दिवशी लेक्चर बंक केलं तरी चालेल, पण टॉर्च, स्कॅनर आणि थोडं धाडस घेऊन बरोबर जा. गॅरेजवाला तुमच्याकडे न बघता बाबांशीच बोलेल (आम्हा मुलींच्या बाबतीत तर नक्कीच). बोलू दे. प्रश्न तुम्ही विचारायचे, आणि उत्तर पटलं नाही तर “नको” म्हणायचं कामही तुम्हीच करायचं.